होम थिएटरमध्ये व्हिडिओ कन्व्हर्जन कुठे करायचं? बॉक्समध्ये, रिसीव्हरमध्ये की टीव्हीत?



होम थिएटर इन्स्टॉलेशनच्या मालिकेतला हा पुढचा धडा. व्हिडिओत मी मेनू दाखवत दाखवत बोललो होतो, त्यामुळे काही गोष्टी भरभर गेल्या. ज्यांना साइटवर मोबाइल उघडून वाचत वाचत काम करायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख. सेव्ह करून ठेवा.

सुरुवात एका फोनपासून करतो.

मागच्या बॅचमधला एक मुलगा. सीसीटीव्ही आणि डीटीएचची कामं पाच-सहा वर्षं करतोय, हात साफ आहे. होम थिएटरचं पहिलं मोठं काम मिळालं. फोनवर म्हणाला, "सर, त्याच घरी चौथ्यांदा चाललोय. काका रोज फोन करतात. राहिलेले ८ हजार अडकलेत. आणि त्यांच्या भावाचं घर बांधून होतंय, तिथलं काम मिळणार होतं, ते पण आता जाणार."

मी विचारलं, तक्रार काय आहे?

"चॅनल बदललं की दोन-तीन सेकंद स्क्रीन काळी होते. कधी कधी परत येतच नाही, टीव्ही बंद-चालू करावा लागतो. क्रिकेटमध्ये धावणाऱ्या माणसाच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात. न्यूज चॅनलची खालची पट्टी अर्धी कापली जाते. सर, सगळा माल चांगला आहे. रिसीव्हर तर फोरके अपस्केलिंगवाला आहे!"

मित्रांनो, गडबड याच शेवटच्या वाक्यात होती. माल चांगला होता, वायरिंगही स्वच्छ होतं. फक्त कोणतं काम कोणत्या डब्यात करायचं हे कोणी ठरवलंच नव्हतं. प्रत्येक डबा आपापल्या परीने पिक्चर "सुधारत" होता.

ही केस शेवटी कशी सुटली ते सांगतो. त्याआधी बेसिक पक्कं करूया.

कन्व्हर्जन म्हणजे नेमकं काय काय?

आपण सगळ्याला सरसकट "अपस्केलिंग" म्हणतो. प्रत्यक्षात ही पाच वेगवेगळी कामं आहेत.

१) ॲनालॉगचं डिजिटल करणं. जुना व्हीसीआर, जुना कॅमकॉर्डर, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनवाली वायर. पिवळ्या पिनमधून येणारं पिक्चर एचडीएमआयमध्ये आणायचं असेल, तर कोणीतरी ते डिजिटल करावंच लागतं.

२) डी-इंटरलेसिंग. ५७६आय, १०८०आय यातला "आय" म्हणजे इंटरलेस्ड. यात पूर्ण चित्र एकदम येत नाही. आधी एकाआड एक ओळी येतात, मग मधल्या ओळी येतात. आपल्याकडे सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं येतात. आजचा एलईडी किंवा ओएलईडी टीव्ही मात्र पूर्ण चित्रच दाखवतो. म्हणजे ही अर्धी अर्धी चित्रं जोडण्याचं काम कुठेतरी होणारच. ते नीट जमलं नाही, तर हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. काकांना तेच दिसत होतं.

३) स्केलिंग. छोटं चित्र मोठ्या पॅनेलवर बसवणं. डीव्हीडी किंवा एसडी चॅनलचं पूर्ण चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे साधारण ४ लाख १५ हजार पिक्सेल. फोरके पॅनेल ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख. बरोबर २० पट. म्हणजे एसडी चॅनल फोरके टीव्हीवर बघताना २० पिक्सेलमागे १ पिक्सेलची माहिती खरी आणि १९ हिशेबाने भरलेल्या. फुल एचडीचं फोरके करताना ४ मागे १ खरी. हा हिशेब ग्राहकाला सांगा. "फोरके टीव्ही घेतला तरी जुनी मालिका धूसर का दिसते?" या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

४) फ्रेम रेट जुळवणं. सिनेमा बहुतेक वेळा सेकंदाला २४ फ्रेमवर शूट होतो. स्ट्रीमिंग स्टिक ६० हर्ट्झवर सेट असेल तर २४ चे ६० करण्यासाठी एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा अशी दाखवावी लागते. कॅमेरा हळू आडवा फिरतो तेव्हा चित्र बारीक झटके खात सरकतं, ते यामुळे.

५) एचडीआर आणि रंग. साध्या व्हिडिओचं एचडीआर करणं किंवा एचडीआर व्हिडिओ त्या स्क्रीनला झेपेल एवढ्या उजेडात बसवणं.

ही कामं कोण करू शकतं?

चार जागा आहेत.

- सोर्स: सेट-टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक, ब्लू-रे प्लेअर, गेम कन्सोल.
- रिसीव्हर, म्हणजे ग्राहक ज्याला "ॲम्प" म्हणतात तो.
- टीव्ही किंवा प्रोजेक्टर.
- वेगळा कन्व्हर्टर किंवा व्हिडिओ प्रोसेसर. यात बाजारातल्या छोट्या एव्ही-टू-एचडीएमआय डबीपासून ते मोठ्या प्रोजेक्टर रूमसाठीच्या महागड्या मशीनपर्यंत सगळं आलं.

जुन्या ट्यूबवाल्या प्रोजेक्टरच्या काळात चांगल्या पिक्चरसाठी वेगळा लाइन डब्लर विकत घ्यावा लागायचा. फारूजा हे त्यातलं नावाजलेलं नाव. मग तेच काम करणाऱ्या चिप डीव्हीडी प्लेअर आणि रिसीव्हरमध्ये आल्या. २००७-०८ च्या आसपास रिसीव्हर विकताना स्केलर हा मोठा सेलिंग पॉइंट असायचा. त्या वेळी टीव्हीचं प्रोसेसिंग आजच्याइतकं पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे त्यात तथ्यही होतं. आज परिस्थिती उलटली आहे. चांगल्या फोरके टीव्हीत डी-इंटरलेसिंग आणि स्केलिंगवर कंपनीने भरपूर मेहनत घेतलेली असते, कारण शोरूममध्ये ग्राहक पिक्चर बघूनच टीव्ही उचलतो. रिसीव्हर मात्र तो आवाजासाठी घेतो.

एकच नियम लक्षात ठेवा

प्रत्येक काम एकदाच करायचं. जो डबा ते सर्वात चांगलं करतो त्याच्याकडेच द्यायचं. बाकीच्यांनी सिग्नल जसा आला तसा पुढे पाठवायचा.

आणि कुठलीच माहिती हातात नसेल, तर सुरुवात टीव्हीपासून करा. कारणं तीन.

पहिलं, टीव्हीच्या पॅनेलचे पिक्सेल ठरलेले असतात. येणारा सिग्नल त्याच्याशी जुळत नसेल तर टीव्ही कन्व्हर्जन करतोच, त्याला पर्यायच नाही. मग त्याच्याआधी दुसऱ्याने कशाला हात लावायचा?

दुसरं, टीव्हीला मूळ सिग्नल मिळाला तर त्याच्याकडे जास्त खरी माहिती असते. एकाने चुकीच्या जोडलेल्या कडा दुसऱ्याला सोडवता येत नाहीत. शिळ्या पोळीला तूप लावलं म्हणून ती ताजी होत नाही, तसंच हे.

तिसरं कारण वायरचं आहे. ते आपल्या खिशाशी जोडलेलं आहे, म्हणून त्याच्यावर थोडं थांबूया.

वायरवर किती ओझं पडतं?

सेट-टॉप बॉक्समधून १०८०आय निघतं तेव्हा एचडीएमआय वायरवर सेकंदाला साधारण २.२ गिगाबिट डेटा जातो. रिसीव्हरने त्याचं फोरके ५० हर्ट्झ केलं की तोच आकडा १७.८ गिगाबिटच्या आसपास जातो. म्हणजे आठपट! चित्रात नवीन खरी माहिती एक थेंबही वाढली नाही, पण रिसीव्हरपासून टीव्हीपर्यंतच्या वायरवर आठपट ओझं आलं.

दोन मीटरची चांगली वायर हे सहज पेलते. भिंतीतल्या पाइपमधून गेलेली दहा-बारा मीटरची साधी तांब्याची वायर पेलेलच याची खात्री नाही. वायरच्या पाकिटावर "फोरके" छापलेलं असतं, पण फोरकेत सेकंदाला २४ फ्रेम आणि ६० फ्रेम यात मोठा फरक आहे. १८ गिगाबिटसाठी तपासलेल्या वायरवर प्रीमियम हाय स्पीड असं सर्टिफिकेशनचं लेबल असतं, ४८ गिगाबिटसाठी अल्ट्रा हाय स्पीड. लांब अंतरासाठी ऑप्टिकल एचडीएमआय वायर मिळते. ती घेताना एक लक्षात ठेवा, तिला दिशा असते. एक टोक सोर्सकडे, दुसरं डिस्प्लेकडे. पीओपी झाल्यावर ती उलटी टाकली गेली हे कळलं, तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. पाइपमध्ये टाकण्याआधी वायर जमिनीवर पसरून दोन्ही टोकं जोडून चालवून बघा. आणि पाइपमध्ये एक जास्तीची दोरी सोडून ठेवा.

आता एकेक सोर्स घेऊ

*डीटीएचचा एचडी सेट-टॉप बॉक्स*

आपल्याकडचे एचडी चॅनल साधारणपणे १०८०आय ५० हर्ट्झवर येतात, एसडी चॅनल ५७६आय. बॉक्सच्या मेनूत आउटपुट ५७६, ७२०पी, १०८०आय असं निवडता येतं. काही बॉक्समध्ये ऑटो किंवा नेटिव्हसुद्धा असतं, म्हणजे चॅनल जसा असेल तसा सिग्नल पुढे जातो.

आपल्या नियमाप्रमाणे नेटिव्ह सर्वात शुद्ध. पण त्यात एक गोची आहे. एचडीवरून एसडी चॅनलवर गेलं की सिग्नल बदलतो. टीव्ही आणि रिसीव्हरला पुन्हा ओळख करून घ्यावी लागते, तेवढा वेळ स्क्रीन काळी. ज्या घरात आजोबांच्या हातात रिमोट असतो आणि ते मिनिटाला चार चॅनल बदलतात, त्या घरात नेटिव्ह ठेवलं की दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन येणार. तिथे बॉक्स १०८०आयवर फिक्स करा. एसडी चॅनलचं पिक्चर थोडं नरम दिसेल, पण चॅनल पटकन बदलतील. ज्या घरात मोजके चॅनल शांतपणे बघतात, तिथे नेटिव्ह ठेवून बघा.

म्हणजे काय, तर सेटिंग ठरवण्याआधी घरात टीव्ही कोण बघतं, कसा बघतं, हे विचारायचं. ब्रोशरमध्ये हे उत्तर मिळत नाही.

*स्ट्रीमिंग स्टिक*

यात दोन सेटिंग महत्त्वाची. फ्रेम रेट जुळवण्याचं सेटिंग चालू करा. फायर टीव्हीत ते "मॅच ओरिजिनल फ्रेम रेट" या नावाने आहे, ॲपल टीव्हीत "मॅच कंटेंट" मध्ये. सगळी ॲप ते पाळत नाहीत, पण जी पाळतात त्यांच्यात सिनेमा गुळगुळीत चालतो. दुसरं, एचडीआर "ऑलवेज" ठेवू नका, "ॲडाप्टिव्ह" ठेवा. नाहीतर साधी मालिकासुद्धा जबरदस्तीने एचडीआर होते आणि चेहरे विचित्र दिसतात.

*डीव्हीडी आणि ब्लू-रे*

ब्लू-रेवरचा सिनेमा बहुतेक १०८०पी २४ फ्रेमचा असतो. प्लेअरमध्ये २४ फ्रेम आउटपुट चालू करा आणि टीव्हीला स्केल करू द्या. डीव्हीडी इंटरलेस्ड असते, तिथे खरी परीक्षा असते. प्लेअर चांगला आणि टीव्ही साधा असेल तर प्लेअरला १०८०पी करायला सांगा. टीव्ही चांगला असेल तर प्लेअर खाली आणून टीव्हीला करू द्या. कोण जिंकतं हे आधी सांगता येत नाही, बघूनच ठरवायचं. कसं बघायचं ते खाली दिलंय.

*जुना व्हीसीआर*

हसू नका. आपल्याकडे लग्नाच्या, मुंजीच्या व्हीएचएस कॅसेट अजून कपाटात आहेत. आणि ग्राहक सगळ्यात जास्त खूश कशाने होतो, तर मोठ्या स्क्रीनवर आईवडिलांचं लग्न बघून.

इथे नियमाला अपवाद येतो. नवीन टीव्हीच्या मागे पिवळी पिन नसेल, किंवा असलीच तर छोट्या जॅकमधून ॲडॉप्टर लागत असेल, तर कन्व्हर्जन आधीच कुठेतरी करावं लागतं. पहिला पर्याय, टीव्हीला एव्ही इनपुट असेल तर सरळ त्यातच लावा. दुसरा, रिसीव्हर ॲनालॉगचं एचडीएमआय करत असेल तर त्याच्याकडून करून घ्या. पण विकत घेण्याआधी मॅन्युअल वाचा. स्वस्त रिसीव्हरमध्ये पिवळी पिन असली तरी ते तिचं एचडीएमआय करतीलच असं नाही. तिसरा पर्याय, वेगळी डबी. स्वस्तातली डबी चालते, पण तिच्यावरचं ५०-६० हर्ट्झचं बटण आपल्या पाल कॅसेटसाठी ५० वर ठेवा.

आणि चित्र ४:३ मध्येच ठेवा. ताणून स्क्रीनभर केलं की नवरा-नवरी दोघं जाड दिसतात.

*गेम कन्सोल*

इथे पिक्चरपेक्षा वेळ महत्त्वाचा. बटण दाबल्यापासून स्क्रीनवर हालचाल दिसेपर्यंत प्रत्येक प्रोसेसिंग थोडा उशीर वाढवतं. कन्सोललाच टीव्हीच्या रिझोल्यूशनवर आउटपुट द्यायला सांगा, रिसीव्हरचं प्रोसेसिंग बंद, टीव्हीत गेम मोड चालू. विषय संपला.

*मोठा प्रोजेक्टर*

वेगळी खोली, शंभर-सव्वाशे इंचाचा पडदा. इथे बारीक चूकही मोठी दिसते. प्रोजेक्टरचा उजेड टीव्हीपेक्षा फार कमी, त्यामुळे एचडीआर सिनेमा त्यात बसवणं हे अवघड काम आहे. या बजेटमध्ये बाहेरचा व्हिडिओ प्रोसेसर विचारात घेण्यासारखा असतो. तुमचं पहिलंच काम असेल तर या वाटेला एकट्याने जाऊ नका. अनुभवी माणसाला बरोबर घ्या, त्याची फी कोटेशनमध्ये धरा.

जुना रिसीव्हर, नवीन टीव्ही

ही केस तुम्हाला सगळ्यात जास्त भेटेल. रिसीव्हर जुना पण आवाज झकास, ग्राहकाला तो बदलायचा नाही. बदलायला लावूही नका, विश्वास जातो.

अडचण अशी की संरक्षित फोरके व्हिडिओ चालायला साखळीतल्या प्रत्येक डब्यात एचडीसीपी २.२ लागतं. जुन्या रिसीव्हरमध्ये ते नसेल तर फोरके एक तर येत नाही किंवा गुपचूप १०८०पीवर उतरतं. इथे व्हिडिओ रिसीव्हरमधून न्यायचाच नाही. स्टिक, कन्सोल सरळ टीव्हीला लावा आणि आवाज टीव्हीकडून एआरसीने रिसीव्हरला परत आणा.

साध्या एआरसीवरून डॉल्बी डिजिटल आणि स्ट्रीमिंगवर येणारं डॉल्बी डिजिटल प्लस जातं. बहुतेक घरांना तेवढं पुरतं. ब्लू-रेवरचं डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ पूर्ण हवं असेल तर दोन्हीकडे ईएआरसी लागतं. तेही नसेल आणि ग्राहक फोरके ब्लू-रेचा शौकीन असेल, तर दोन एचडीएमआय आउटपुटचा प्लेअर सुचवा. एक वायर व्हिडिओसाठी टीव्हीला, दुसरी आवाजासाठी रिसीव्हरला.

त्या ८ हजारांचं काय झालं?

आता फोनवाल्या मुलाच्या केसकडे परत जाऊ. मी त्याच्याकडून टीव्हीच्या आणि रिसीव्हरच्या मेनूचे फोटो मागवले. चित्र असं होतं:

- सेट-टॉप बॉक्स ऑटोवर.
- रिसीव्हर सगळ्या इनपुटचं फोरके करतोय.
- रिसीव्हर ते टीव्ही १२ मीटर वायर, भिंतीत, वरून पीओपी आणि रंग झालेला.
- टीव्हीचं पिक्चर साइज ओव्हरस्कॅनवर.

चॅनल बदललं की बॉक्सचा सिग्नल बदलायचा, स्क्रीन काळी व्हायची. त्यानंतर १२ मीटर वायरवर जवळपास १८ गिगाबिटचं ओझं. कधी टीव्हीला सिग्नल पकडता यायचा, कधी नाही. डी-इंटरलेसिंग रिसीव्हर करत होता, तेही कच्चं. आणि ओव्हरस्कॅनमुळे टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापत होता, म्हणून बातम्यांची पट्टी अर्धी.

त्याने काय बदललं?

१) बॉक्स १०८०आयवर फिक्स केला.
२) रिसीव्हरमधलं एचडीएमआयचं व्हिडिओ कन्व्हर्जन बंद. सिग्नल आहे तसा टीव्हीकडे.
३) एकट्या व्हीसीआरच्या इनपुटसाठी कन्व्हर्जन चालू ठेवलं, आउटपुट १०८०पीपर्यंतच. त्या रिसीव्हरमध्ये इनपुटप्रमाणे वेगळं सेटिंग होतं. हे विसरला असता तर कॅसेट बंद पडली असती आणि पाचवी फेरी झाली असती.
४) स्टिक रिसीव्हरमधून काढून टीव्हीच्या मागे लावली, आवाज एआरसीने परत. म्हणजे फोरकेचा जड सिग्नल भिंतीतल्या वायरमधून जाणंच बंद झालं. वायर बदलायची, पीओपी फोडायची वेळ आली नाही.
५) टीव्हीत पिक्चर साइज "जस्ट स्कॅन" केलं. वेगवेगळ्या टीव्हीत याचं नाव वेगळं असतं: "स्क्रीन फिट", "ओरिजिनल", "फुल पिक्सेल".

पाऊण तास लागला. एक पैशाचा नवीन माल लागला नाही. काकांनी ८ हजार त्याच दिवशी दिले. भावाच्या घराचं काम मात्र अजून ठरलेलं नाही. काका म्हणाले, "बघू, दोन महिने नीट चालू दे." त्यांचं बरोबरच आहे ना?

आता हिशेब बघा. समजा तुमची एक फेरी म्हणजे पेट्रोल आणि तीन तास धरून ८०० रुपये. चार फेऱ्यांचे ३,२०० गेले. समजा इन्स्टॉलेशनची मजुरी ६,००० होती. म्हणजे निम्म्याहून जास्त मजुरी रस्त्यात सांडली. शिवाय त्या चार दिवसांत न केलेली कामं वेगळी. पाऊण तासाचं सेटिंग पहिल्याच दिवशी झालं असतं तर?

२० मिनिटांची तपासणी

कोणता डबा चांगलं करतो हे वाद घालून ठरत नाही, बघून ठरतं. प्रत्येक साइटवर हे करा.

- न्यूज चॅनल लावा. खालची सरकणारी पट्टी बघा. अक्षरं थरथरतात का, कापली जातात का?
- क्रिकेट किंवा कबड्डी लावा. सीमारेषेची दोरी, मैदानावरच्या तिरप्या रेषा, धावणाऱ्या खेळाडूचे पाय बघा. पायरी पायरी किंवा दात दिसतात का?
- एक सिनेमा लावा, कॅमेरा आडवा फिरतो असा प्रसंग शोधा. झटके दिसतात का?
- बोलणाऱ्या माणसाचे ओठ आणि आवाज जुळतात का? व्हिडिओ प्रोसेसिंगला वेळ लागला की आवाज पुढे पळतो. रिसीव्हरमध्ये ऑडिओ डिले किंवा लिप सिंक वाढवून जुळवा.
- दहा वेळा चॅनल बदला, इनपुट बदला, सगळं बंद करून चालू करा.

हे सगळं एकदा कन्व्हर्जन टीव्हीत ठेवून, एकदा रिसीव्हरमध्ये, एकदा सोर्समध्ये. ग्राहकाला सोफ्यावर बसवा, कोणतं सेटिंग चालू आहे ते सांगू नका आणि विचारा, "काका, हे बरं वाटतं की आधीचं?" ते जे म्हणतील ते ठेवा. दोन्हीत फरकच दिसला नाही तर सोपं असेल ते ठेवा, म्हणजे टीव्हीत. फरक दिसत नसलेल्या गोष्टीसाठी जास्तीचं सेटिंग ठेवलं, की ते पुढे तुमच्याच डोक्याला ताप होतं.

"पण मी त्या फीचरचे पैसे दिलेत!"

ग्राहक असं म्हणणारच. रिसीव्हरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात फोरके अपस्केलिंग लिहिलेलं असतं आणि तुम्ही ते बंद करताय. त्याला वाटतं तुम्हाला जमत नाहीये. अशा वेळी लेक्चर देऊ नका. एवढंच म्हणा: "साहेब, हेच काम तुमचा टीव्ही पण करतो. दोघांनी केलं तर बिघडतं. मी दोन्ही दाखवतो, तुम्ही निवडा." आणि खरंच दाखवा. रिसीव्हरचं बरं दिसलं तर मोकळ्या मनाने ते चालू ठेवा. आपल्याला जिंकायचं नाही, फोन परत येऊ द्यायचा नाही.

कोटेशन आणि हँडओव्हर

तीन सवयी लावून घ्या.

पहिली, कोटेशनमध्ये "सेटिंग व तपासणी" अशी वेगळी ओळ टाका, वेगळ्या रकमेची. वायरिंगमध्ये फुकट घुसवलेलं काम ग्राहकाला काम वाटत नाही आणि तुम्हालाही त्यासाठी वेळ काढावासा वाटत नाही.

दुसरी, साइट व्हिजिटच्या वेळी यादी करा: घरात कोणकोणते सोर्स आहेत, टीव्हीचं आणि रिसीव्हरचं मॉडेल, वायरचं अंतर, कपाटात जुन्या कॅसेट आहेत का. मॉडेल नंबरवरून मॅन्युअल डाउनलोड करून घरी वाचा. साइटवर मेनू शोधत बसलेला माणूस ग्राहकाला शिकाऊ वाटतो.

तिसरी, काम संपल्यावर सगळ्या सेटिंगचे फोटो काढा आणि ग्राहकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. खाली एक ओळ: "कन्व्हर्जन टीव्हीत. रिसीव्हरमध्ये फक्त व्हीसीआरसाठी चालू." सहा महिन्यांनी कोणी नातेवाईक येऊन मेनूत हात घालतो, तेव्हा हाच फोटो तुमची फेरी वाचवतो. फोनवरच सांगता येतं, फोटो बघा आणि तसं करा.

या आठवड्याचा गृहपाठ

आधी स्वतःच्या घरापासून सुरुवात करा. तुमच्या सेट-टॉप बॉक्सचं आउटपुट आत्ता कशावर आहे? टीव्ही ओव्हरस्कॅनवर आहे का? न्यूज चॅनलची पट्टी पूर्ण दिसते का? ज्यांचं ग्राहकांकडे काम चालू आहे, त्यांनी एका साइटवर २० मिनिटांची तपासणी करा आणि कागदावर तीन रकाने काढा: सोर्स, रिसीव्हर, टीव्ही. प्रत्येक काम कोणत्या रकान्यात होतंय ते लिहा. एकच काम दोन रकान्यांत दिसलं, तर गडबड तिथे आहे असं समजा.

तो कागद फोटो काढून व्हिडिओखाली टाका, पुढच्या भागात दोन-तीन केस आपण एकत्र सोडवू. पुढचा विषय आहे स्पीकरच्या वायरची जाडी आणि अंतर, कारण त्यातही लोक पैसे चुकीच्या ठिकाणी घालतात.

भेटूया. काम चोख करा, पैसे वेळेवर घ्या!